हातभार की उदरनिर्वाह? मुंबईतील घरबसल्या कमावत्या स्त्रियांच्या इतिहासातील भांडवलाचा प्रश्न

प्रस्तावना

महाराष्ट्राच्या आर्थिक इतिहासात गिरणी, गोदी, रेल्वे आणि बाजारपेठ यांना जे स्थान लाभले आहे, ते घराच्या उंबरठ्याआत चाललेल्या उत्पादनास लाभलेले नाही. मूल सांभाळून, चूल सांभाळून, त्यातूनच चार पैसे मिळविणाऱ्या स्त्रीचा उल्लेख आपल्या लेखनात आला तरी तो बहुधा ‘संसाराला हातभार’ या शब्दप्रयोगाने येतो आणि तेथेच थांबतो. हातभार या शब्दात कौतुक आहे. परंतु त्यात एक निवाडाही दडलेला आहे. मुख्य भार दुसऱ्या कोणाचा तरी आहे आणि स्त्रीने त्यास केवळ हात लावला आहे, असा तो निवाडा होय. मुंबईच्या गिरणगावातील खाणावळी आणि गिरगावातील पापड-उद्योग या दोन उदाहरणांच्या आधारे हा निवाडा तपासून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

घरी राहणाऱ्या मातेने सवडीने काय करावे, या विषयावर आजवर विपुल लेखन झाले आहे. शिवण, भरतकाम, मसाले, लोणची, शिकवण्या, पाळणाघर अशी कामे त्यात सुचविली जातात आणि कोणते काम घरकामाच्या वेळापत्रकात बसेल, एवढाच प्रश्न बहुधा विचारला जातो. इतिहासाकडे पाहिले असता असे दिसते की, कामाचा प्रकार आणि कामाची वेळ यांवर त्या स्त्रीचे भवितव्य क्वचितच ठरले. कच्चा माल कोणाच्या पैशाने आला, उधारीचा धोका कोणी पत्करला आणि मोबदला किती दिवसांनी हाती पडला, यांवर ते ठरत गेले. एकाच चाळीत, एकाच प्रकारच्या चुलीपुढे बसलेल्या दोन स्त्रियांपैकी एक कर्जात बुडाली व दुसरी तरली, याचे कारण तिच्या कष्टाळूपणात शोधणे व्यर्थ आहे.

नोंदींतील अनुपस्थिती

या विषयाच्या अभ्यासकापुढील पहिली अडचण साधनांची आहे. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रीची हजेरी मांडली जात असे, तिच्या वेतनाची नोंद होत असे. कारखाना निरीक्षकांचे अहवाल, १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरपुढील साक्षी, मालक संघाची प्रकाशने यांतून ती आपणास भेटते. तीच स्त्री गिरणीतून बाहेर पडून खोलीत दहाजणांचा स्वयंपाक करू लागली की कागदावरून नाहीशी होते. जनगणनेच्या व्याख्यांचाही यात मोठा वाटा आहे. १९६१ च्या जनगणनेत ‘घरगुती उद्योग’ असा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. १९८१ मध्ये मुख्य कामगार व सीमांतिक कामगार असा भेद आला. आणि १९९१ मध्ये शेतावरील अथवा कौटुंबिक उद्योगातील बिनमोबदला कामाचा उल्लेख प्रत्यक्ष प्रश्नात घालण्यात आला. या दुरुस्त्या आवश्यक होत्या यात शंका नाही. तथापि प्रगणकाच्या प्रश्नाला दारात उभा असलेला पुरुष उत्तर देत असेल, तर ‘ती घरीच असते’ हेच वाक्य कागदावर उतरण्याचा संभव अधिक. महाविद्यालयीन प्रवेश-अर्जातील ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘गृहिणी’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे शुल्क शिवणयंत्रावर किंवा डब्यांवर भरले जाते, हे आपणा अध्यापकांना ठाऊक असते. तरीही रकाना तसाच राहतो.

स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा ‘टुवर्ड्स इक्वॅलिटी’ हा १९७४ चा अहवाल आणि इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाचा ‘श्रमशक्ती’ हा १९८८ चा अहवाल यांनी ही अनुपस्थिती राष्ट्रीय पातळीवर निदर्शनास आणली. मुंबईपुरते बोलावयाचे तर मीना मेनन व नीरा आडारकर यांच्या ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ (२००४) या गिरणगावाच्या मौखिक इतिहासाने मोठी उणीव भरून काढली. राजनारायण चंदावरकर यांनी त्यापूर्वीच, १९९४ च्या आपल्या ग्रंथात, कामगारांचे जीवन केवळ गिरणीच्या आवारात न पाहता वस्तीतील वाणी, घरमालक, जॉबर यांच्या संबंधांच्या जाळ्यात पाहावे, अशी दृष्टी दिली होती. त्या जाळ्यातील एक महत्त्वाचा धागा चुलीपर्यंत जातो, एवढीच भर येथे घालावयाची आहे.

गिरणीतून चुलीकडे

मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली व तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. रत्नागिरी, सातारा इत्यादी जिल्ह्यांतून कामगार येत राहिले, परंतु बहुसंख्यांची कुटुंबे गावीच राहिली. परळ, लालबाग, वरळी, शिवडी, नायगाव या भागांतील एकेका खोलीत गावकरी पुरुष एकत्र राहत. पाळीनुसार झोपण्याची जागाही आलटून-पालटून वापरीत. या पुरुषांपुढे निवाऱ्याइतकाच बिकट प्रश्न जेवणाचा होता. तो सोडविला खाणावळीने.

ही खाणावळ म्हणजे पाटी लावलेले उपाहारगृह नव्हे. आपल्याच राहत्या खोलीत एखादी स्त्री काही ठरावीक गड्यांना दोन वेळचे जेवण घालीत असे व महिन्याचा ठराव करीत असे. गडी बहुधा तिच्याच गावचे, तिच्या जातीचे अथवा नवऱ्याच्या खात्यातले असत. कोणी पंगतीला बसत, तर कोणाचा डबा गिरणीच्या दारापर्यंत पोहोचवावा लागे. अशा स्त्रिया ‘खाणावळवाल्या’ म्हणून ओळखल्या जात. त्यांत गिरणी कामगारांच्या बायका होत्या, विधवा होत्या आणि एके काळी स्वतः गिरणीत काम केलेल्याही होत्या.

हा शेवटचा गट विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक पंचमांश होते. वाइंडिंग व रीलिंग ही खाती प्रामुख्याने त्यांची असत. त्यानंतर हे प्रमाण सतत घटत गेले आणि १९७० च्या दशकापर्यंत अगदी अल्प उरले. स्त्रियांच्या रात्रपाळीवरील बंदी, १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली सुसूत्रीकरणाची मोहीम ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे होत. राधा कुमार यांनी १९८३ च्या आपल्या लेखात या कारणांबरोबर कुटुंबाविषयीच्या कल्पनांकडेही लक्ष वेधले आहे. पुरुषाला कुटुंब पोसण्याइतके वेतन मिळावे, ही मागणी न्याय्य होती. पण तिच्या पोटात स्त्री घरीच असणार, असे गृहीतक होते. संरक्षणाचे कायदे वाईट होते असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र त्यांचा खर्च टाळण्यासाठी स्त्रीलाच टाळणे मालकांना सोयीचे वाटले आणि संघटनांनीही त्यास फारसा विरोध केला नाही, ही वस्तुस्थिती आहे. अशा रीतीने गिरणीतून बाहेर पडलेली स्त्री ‘घरी’ गेली. घरी गेली याचा अर्थ तिने कमावणे थांबविले असा मात्र नव्हता.

खाणावळीचा जमाखर्च

खाणावळीचे काम वरकरणी अत्यंत सवडीचे दिसते. घर सोडावे लागत नाही. मूल पाळण्यात, चूल समोर. आपल्या घरच्या आठ भाकरींऐवजी चाळीस भाकरी थापावयाच्या इतकेच. प्रत्यक्षात गिरणीच्या तीन पाळ्या खाणावळीच्याही तीन पाळ्या असत. पहिल्या पाळीचा गडी पहाटे बाहेर पडे, दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री परते. गिरणी कामगारास पाळी संपल्याचा भोंगा तरी होता. खाणावळवालीचा दिवस पाण्याच्या वेळेपासून सुरू होऊन शेवटच्या ताटापर्यंत चाले व त्यात तिच्या स्वतःच्या मुलांचे जेवणखाण, आजारपण, शाळा हे सारे मिसळलेले असे. तिच्या कष्टाचे वर्णन अनेकांनी केले आहे. तिच्या जमाखर्चाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि प्रश्नाचे मर्म तेथे आहे.

तिचे गिऱ्हाईक मासिक पगारावर जगणारे होते. १९३६ च्या वेतन-प्रदान कायद्यानुसार एक हजारांहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपूर्वी व त्याहून मोठ्या कारखान्यात दहा तारखेपूर्वी देणे बंधनकारक झाले. मुंबईच्या मोठ्या गिरण्या दुसऱ्या प्रकारात मोडत. म्हणजे कायदा काटेकोर पाळला गेला तरी पहिल्या तारखेला जेवू लागलेल्या गड्याचे पैसे खाणावळवालीच्या हाती सुमारे चाळीस दिवसांनी पडणार. तांदूळ, डाळ, तेल, सुकी मासळी, रॉकेल वा कोळसा यांना मात्र तेवढा धीर नव्हता. वाण्याची उधारी ठरावीक मर्यादेपर्यंतच चाले. त्यापुढे सावकार होता आणि त्याचे व्याज जबर होते. भांडी व अंगावरचे दागिने गहाण पडत. थोडक्यात, गिरणीने कामगाराचे वेतन जितके दिवस आपल्याकडे ठेवले, तितके दिवस त्याला जेऊ घालण्याचा खर्च एका स्त्रीने सावकाराच्या व्याजाने कर्ज काढून सोसला. मुंबईच्या कापड उद्योगाचे खेळते भांडवल मोजताना हा भाग कोणी जमेस धरल्याचे दिसत नाही. तो धरावयास हवा.

बदली कामगाराच्या बाबतीत हा धोका आणखी वाढे. बदलीवाला रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राही. काम मिळाले तर मिळाले. पोट मात्र बदलीचे नसते. महिन्याकाठी त्याच्या हाती निम्म्याच दिवसांचे वेतन आले, तर खाणावळवालीला तेवढ्यावर भागवावे लागे, अन्यथा गडी तोडावा लागे. गावकीच्या, नात्यागोत्याच्या संबंधांत गडी तोडणे सोपे नसे. हेच संबंध तिला गिऱ्हाईक मिळवून देत आणि हेच संबंध तिला वसुलीत कठोर होऊ देत नसत.

संपाच्या काळात हे सर्व उघडे पडे. १९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे सुमारे सहा महिने टिकला. एवढा काळ कामगार टिकून राहिले, यामागे संघटनेची ताकद होती, गावाकडची शेती होती आणि वस्तीतील उधारीही होती. संपाचा इतिहास लिहिताना आपण सभा, मोर्चे, ठराव आणि नेते यांची नावे काळजीपूर्वक नोंदवितो. ज्यांच्या चुलीवर उधारीचे अन्न शिजले, त्यांचा उल्लेख सामूहिक नामाने होतो, तोही झाला तर.

अन्नपूर्णा : चार टक्क्यांचे कर्ज

१९७३-७४ च्या गिरणी संपानंतर या प्रश्नास वेगळे वळण लागले. संपात गडी उधारीवर जेवले. संप मिटला तरी खाणावळवाल्यांचे कर्ज मिटले नाही. गिरणगावात कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांच्या हे ध्यानात आले. मूळच्या गोव्याच्या असलेल्या प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यात सहभागी झाल्या होत्या व पुढे मुंबईत कम्युनिस्ट चळवळीशी जोडल्या गेल्या. संघटना कामगारांची होती आणि खाणावळवाल्या कोणाच्याच कामगार नव्हत्या. मागणी करावी तर कोणाकडे, मालक कोण, हा पेच होता. प्रेमाताईंनी तो पतपुरवठ्याच्या बाजूने सोडविण्याचा प्रयत्न केला. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना झाली. सुरुवातीच्या गटात चौदा खाणावळवाल्या होत्या.

हे त्या वर्षी शक्य झाले, याला कारण होते. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि १९७२ पासून दुर्बल घटकांसाठी विभेदक व्याजदराची योजना सुरू झाली होती. या योजनेत व्याजाचा दर वार्षिक चार टक्के होता. योजना कागदावर होती. परंतु तारण नसलेली, स्वाक्षरीऐवजी अंगठा उठविणारी, ‘गृहिणी’ या सदरात मोडणारी स्त्री बँकेच्या दारापर्यंत पोहोचत नव्हती. मंडळाने स्त्रियांचे गट केले, परस्परांची हमी उभी केली आणि बँक ऑफ बडोदाकडून कर्जे मिळवून दिली. सावकाराचे व्याज आणि वार्षिक चार टक्के या दोन आकड्यांतील अंतर हेच या चळवळीचे खरे यश होय. स्वयंपाक तोच राहिला, खोली तीच राहिली, भाकरीची संख्याही तीच राहिली; बदलला तो फक्त पैशाचा उगम. आणि तेवढ्याने सावकाराच्या खिशात जाणारा पैसा तिच्या घरात राहू लागला.

या घटनेचे वर्णन पुष्कळदा ‘महिला सक्षमीकरण’ या आता गुळगुळीत झालेल्या शब्दाने केले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याऐवजी तिचे घटक वेगळे करून पाहावेत. राष्ट्रीयीकृत बँक, योजनेतील ठरविलेला दर, कामगार चळवळीत तयार झालेली कार्यकर्ती आणि एकमेकींना ओळखणाऱ्या शेजारणी हे चारही एकाच वेळी उपलब्ध होते. यांपैकी एक जरी नसता तरी चौदा स्त्रियांचा तो गट बँकेपर्यंत पोहोचला असता का, याविषयी शंका वाटते. अहमदाबादेत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेवा’ या संघटनेने १९७४ मध्ये स्वतःची सहकारी बँकच काढली. त्याच वर्षांत मुंबईत राष्ट्रीयीकृत बँकेचा मार्ग निवडला गेला. दोन्ही ठिकाणी निदान मात्र एकच होते.

गच्चीवरचे पापड

गिरणगावापासून फार दूर नसलेल्या गिरगावात याहून वेगळ्या पद्धतीचा एक प्रयोग त्याआधीच रुजला होता. १५ मार्च १९५९ रोजी सात गुजरातीभाषक गृहिणींनी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास प्रारंभ केला. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांपैकी प्रमुख. छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून घेतलेले ८० रुपयांचे कर्ज हे त्यांचे भांडवल आणि पहिल्या दिवसाचे उत्पादन पापडांची चार पाकिटे. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव घेण्यात आले. १९६६ मध्ये श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेची नोंदणी झाली व त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. जसवंतीबेन यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली. ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की, तिचे रूपांतर जिद्दीच्या बोधकथेत झाले आहे. आपणास तिच्यातील कार्यपद्धतीत अधिक स्वारस्य असावयास हवे.

पीठ मळण्याचे काम केंद्रावर होते. सकाळी सभासद बहीण आदल्या दिवशीचे वाळलेले पापड केंद्रावर आणते, त्यांचे वजन होते, लाटण्याची मजुरी तिच्या हाती पडते आणि नव्या दिवसाचे पीठ घेऊन ती घरी जाते. उडदाचे पीठ, हिंग, मिरी यांची खरेदी तिला करावी लागत नाही. विक्री तिला करावी लागत नाही. दुकानदाराने पैसे थकविले तर तो धोकाही तिच्या एकटीवर येत नाही. नफा वा तोटा सभासदांत वाटला जातो. खाणावळवालीच्या चाळीस दिवसांच्या उधारीशी याची तुलना केली म्हणजे दोहोंतील अंतर स्पष्ट होते. दोघीही घरीच काम करतात आणि दोघींच्याही हाती पोळपाट-लाटणे आहे. एकीला मोबदला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. दुसरी सव्वा महिना वाट पाहते व त्या वाट पाहण्यावर व्याज भरते.

लिज्जतच्या आरंभकाळातील एक तपशील फारसा चर्चिला जात नाही. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळविता येईनात, म्हणून उत्पादन चार महिने बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी एक खाट व एक शेगडी आणण्यात आली. खाटेवर पापड आणि खाटेखाली शेगडी अशी युक्ती योजून काम चालू राहिले. मुंबईत घरबसल्या कामाचा प्रश्न हा वेळेइतकाच जागेचाही असतो, हे यावरून दिसून येते. पुढे संस्थेने घरी लाटण्यापूर्वी जागेची व स्वच्छतेची पाहणी करण्याचा प्रघात पाडला. ज्यांच्या घरी पुरेशी जागा नाही, त्यांना मळणे, वेष्टन करणे अशी केंद्रावरील कामे देण्यात आली. व्यवस्था समंजस खरी. परंतु तिच्यातून एक गोष्ट उघड होते. सर्वांत लहान खोलीत राहणाऱ्या, म्हणजे बहुधा सर्वांत गरजू स्त्रीला घरबसल्या कामाची सोय मिळत नाही. तिला मुलाची व्यवस्था लावून केंद्रावर जावेच लागते.

लिज्जतमधील स्त्रिया मालक आहेत की मजूर, हाही प्रश्न विचारणे आवश्यक आहे. संस्थेच्या परिभाषेत त्या सहमालक बहिणी आहेत. चाळीस हजारांहून अधिक सदस्यसंख्या असलेल्या संस्थेत एका बहिणीच्या मालकीचा प्रत्यक्ष निर्णयांशी किती संबंध उरतो, हे तपासण्यासारखे आहे. आणि मालक म्हटल्यावर किमान वेतन, निर्वाहनिधी यांसारखे कामगारांचे हक्क मागण्याची वाटही अरुंद होते. तरीसुद्धा उधारीचा व बाजाराचा धोका एकटीच्या खांद्यावरून संस्थेच्या खांद्यावर गेला, हे यश लहान मानता येणार नाही.

विडीचा दाखला

हा धोका हलविणारी संस्था नसेल तर काय होते, हे पाहण्यासाठी मुंबईबाहेर सोलापूरकडे एक दृष्टिक्षेप टाकणे पुरेसे आहे. तेथे तेलुगूभाषक स्त्रियांनी घरोघरी विड्या वळल्या. पाने व तंबाखू वजनाने मिळे, मजुरी हजार विड्यांवर मिळे आणि नाकारलेल्या विड्यांचा तोटा वळणारीला सोसावा लागे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. परंतु स्वतःच्या घरी, कुटुंबीयांच्या साहाय्याने, कोणाचीही नोकर नसताना विडी वळणाऱ्यास त्यातून वगळले होते. या वगळणुकीचा फायदा घेऊन देशाच्या अनेक भागांत कारखानदारांनी पाने-तंबाखू ‘विकल्याचा’ व विड्या ‘विकत घेतल्याचा’ देखावा उभा केला. कागदोपत्री ती स्त्री स्वतंत्र उद्योजक ठरली. सोलापुरात संघटित चळवळ होती, म्हणून निदान निवाऱ्याच्या प्रश्नावर तरी यश मिळाले. कुंभारी येथील कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने उभारलेल्या विडी कामगार वसाहतीतील दहा हजार घरांचा प्रकल्प २००६ मध्ये पूर्ण झाला.

मारिया मीज यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून असे प्रतिपादन केले की, स्त्रीला ‘गृहिणी’ म्हणून व तिच्या कामाला ‘रिकाम्या वेळातील उद्योग’ म्हणून ओळखणे, हीच त्या उद्योगाच्या नफ्याची अट आहे. सोलापूरच्या विडीला हे विवेचन तंतोतंत लागू पडते. मुंबईच्या उदाहरणांना ते पूर्णपणे लागू पडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. खाणावळवाली निर्यातदाराच्या साखळीतली शेवटची कडी नव्हती. ती आपल्या गिऱ्हाइकाला स्वतःच भाव सांगत होती. तिची पिळवणूक मजुरीच्या दरातून होत नव्हती, व्याजाच्या दरातून होत होती. म्हणूनच तिच्या बाबतीत स्वस्त कर्जाचा उपाय परिणामकारक ठरला. विडी वळणारीला स्वस्त कर्ज देऊन काय साधले असते? तिला हवा होता दर आणि कामगार म्हणून मान्यता. सर्व घरबसल्या कमावणाऱ्या स्त्रियांसाठी एकच योजना आखणाऱ्यांनी हा भेद नेहमीच दृष्टीआड केला आहे.

सवडीची बाजू

सवड हा शब्द येथवर अनेकदा आला. या कामांतील सवड खरी होती, हे नाकारण्याचे कारण नाही. तान्हे मूल असलेल्या, सासू-सासरे अंथरुणाला खिळलेल्या, नवरा रात्रपाळीला जाणाऱ्या स्त्रीला आठ तास बाहेर राहणे अशक्य होते आणि घरातील काम हाच तिच्यापुढील एकमेव मार्ग होता. मात्र ही सवड कामात नव्हती. ती स्त्री आपल्या झोपेतून, विश्रांतीतून आणि बहुतेकदा मोठ्या मुलीच्या शाळेतून ती काढीत असे. विडीच्या सुपापाशी आणि खाणावळीच्या भांड्यांपाशी मुलीच असत. लिज्जतनेही सुरुवातीला लहान मुलींना काम करू दिले होते. पुढे अठरा वर्षे ही किमान वयोमर्यादा ठरविण्यात आली. हा नियम करावा लागला, यावरूनच घरबसल्या काम हे एकट्या आईचे काम कधीच नसते, ही गोष्ट लक्षात यावी.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने खाणावळींचा आधारच काढून घेतला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. अनेकांनी गावची वाट धरली व त्यांतील कित्येक परतलेच नाहीत. १९७४ साली थकलेली उधारी वसूल होण्याची आशा तरी होती, कारण गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजणार होते. या वेळी गडीच उरले नाहीत. सूतगिरणी बंद पडल्याची नोंद सरकारी दप्तरात आहे, तिच्या यंत्रांची, जमिनीची, देण्यांची मोजदाद झाली, न्यायालयांत दावे चालले. तिच्या दाराबाहेर चालणाऱ्या खाणावळी बंद पडल्याची नोंद कोणत्याही दप्तरात होण्याचे कारण नव्हते, आणि त्यांची बुडालेली येणी मागावयाची तर ती कोणाकडे, हा १९७५ सालचा पेच पुन्हा उभा राहिला. अन्नपूर्णा मंडळाने सामूहिक स्वयंपाकगृहाचा मार्ग धरला व कार्यालये, संस्था यांना जेवण पुरविण्यास आरंभ केला. घरात पूर्वी न कमावणाऱ्या अनेक स्त्रिया याच काळात पहिल्यांदा शिवण, घरकाम, भाजीविक्री यांकडे वळल्या. कारण घरातला ‘मुख्य भार’ आता बेकार होता आणि हातभारावरच घर चालू लागले होते.

प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ मध्ये पुण्यात वस्त्यांतील स्त्रियांसाठी पतपुरवठ्याचे काम सुरू केले. अन्नपूर्णा परिवार या नावाने ते ओळखले जाते. त्यातील कर्जदार स्त्रिया खाणावळवाल्या नाहीत. त्या भाजी विकतात, शिवण करतात, डबे देतात, छोटी दुकाने चालवितात. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या, गटांच्या बैठकांची टिपणे आणि गिरणगावात अजून हयात असलेल्या वृद्ध खाणावळवाल्यांच्या आठवणी ही या विषयाची प्राथमिक साधने आहेत. मुंबई व परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून त्यांचे संकलन हाती घेतल्यास, कोणत्या महिन्यात किती गडी जेवले, किती थकले आणि व्याजापोटी किती गेले, हे आकडे अजूनही मांडता येतील. त्या पिढीतील बहुतेक स्त्रिया आता ऐंशीच्या पुढे आहेत.